ब्रश धुवायचा की फेकायचा?

रंगकामाचा कोरडा ब्रश पाण्यात बुडवून बघा. पाण्याखाली त्याचे केस सुटेच राहतात. बाहेर काढला की लगेच एकमेकांना बिलगतात. म्हणजे केस जवळ येतात ते नुसते ओले झाल्यामुळे नाही. हवेत आल्यावर पाण्याचा पृष्ठभाग आक्रसू पाहतो आणि केसांनाही ओढून घेतो. केसांमधल्या बारीक फटींत रंग धरून ठेवतो तो हाच पृष्ठताण. फट जितकी अरुंद, तितकी पकड जास्त.

चांगल्या ब्रशला पैसे पडतात ते या फटींचे. त्याचे केस दाट असतात, टोकाकडे निमुळते होत जातात आणि टोकाला फाटे फुटलेले असतात. डुकराच्या केसांना असे फाटे मुळातच असतात, नायलॉन-पॉलिएस्टरच्या तंतूंना ते मुद्दाम पाडावे लागतात. त्यामुळे रंग भरपूर मावतो आणि पातळ, सारखा पसरतो. स्वस्त ब्रशचे केस विरळ आणि बोथट. रंग टपकतो, रेघा उमटतात, आणि वाळत्या वॉर्निशमध्ये एखादा केस हमखास अडकून बसतो.

तरीही महाग ब्रश परवडेल की नाही, हे ठरवतो रंग.

इमल्शनमध्ये, म्हणजे भिंतींच्या पाण्यात कालवलेल्या रंगात, प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात सुटत नाही. पण ओला असेपर्यंत नळाखाली ब्रश स्वच्छ होतो. इथे चांगला ब्रश वर्षानुवर्षे टिकतो. फक्त तो कृत्रिम तंतूंचा हवा. डुकराचे केस पाणी पिऊन लुळे पडतात.

ऑइल पेंट नुसता सुकत नाही, त्यातले तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन जाळे विणते. ब्रश धुवायला टर्पेंटाइन लागते, तेही दोन-तीनदा. छोट्याशा कामासाठी एवढा द्राव खर्च करण्यापेक्षा साधा ब्रश फेकणे स्वस्त पडू शकते. (जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून टाकू नका. याच क्रियेतली उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेटू शकतात.) इपॉक्सी या दोन घटकांच्या रंगाबद्दल तर वादच नको. दोन घटक मिसळले की घड्याळ सुरू, आणि काही तासांत ब्रशचा दगड. तिथे महाग ब्रश वापरणे म्हणजे उधळपट्टी.

माझे दोन चांगले ब्रश मी स्वतःच मारले. टोके लख्ख धुतली, पण पत्र्याच्या पट्टीलगत, केसांच्या मुळाशी, रंग राहिला. तो कडक झाला आणि केस कायमचे विस्कटले. तेव्हापासून धुताना मुळाशी बोटांनी चोळतो आणि ब्रश टोक खाली करून टांगतो. रंगाचा दुसरा हात उद्याच द्यायचा असेल तर धुतही नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळतो; हवा लागली नाही की ना पाणी उडते, ना तेलाला ऑक्सिजन मिळतो.