टू-वे प्लेअर (अमेरिकेतील कॉलेज बेसबॉल)

एकाच हंगामात पिचिंगही (बॅटरकडे चेंडू फेकण्याचे काम) करणारा आणि नियमित बॅटर किंवा क्षेत्ररक्षक म्हणूनही खेळणारा खेळाडू. क्रिकेट जाणणाऱ्याला हा ऑलराउंडर वाटेल, पण फरक मोठा आहे. क्रिकेटमध्ये शेवटच्या क्रमांकाचा बोलरसुद्धा बॅट घेऊन मैदानात उतरतो. बेसबॉलमध्ये पिचरच्या वाटची बॅटिंग करायला डिझिग्नेटेड हिटर (डीएच) असतो, त्यामुळे बॅटला हात न लावता पिचरची अख्खी कारकीर्द निघते. टू-वे प्लेअर ही सवलत नाकारून दोन्ही कामे अंगावर घेतो.

शाळेच्या संघात सगळ्यांत चांगला पिचर आणि सगळ्यांत चांगला बॅटर पुष्कळदा एकच मुलगा असतो. व्यावसायिक संघ त्याला बहुधा एकच काम निवडायला लावतात. कॉलेजात मात्र दोन्ही चालू ठेवता येतात, आणि त्याला कारण तिथले वेळापत्रक व हिशेब. एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च विभागात नियमित हंगाम ५६ सामन्यांपर्यंतचा असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन सामन्यांची मालिका, शिवाय मंगळवारी किंवा बुधवारी एखादा सामना. मुख्य पिचर आठवड्यातून एकाच सामन्यात सुरुवातीपासून पिचिंग करतो. उरलेल्या दिवशी त्याची बॅट रिकामी का ठेवायची, हा प्रशिक्षकाचा साधा प्रश्न. त्यात अनेक वर्षे एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्याच मिळत आणि त्या जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटाव्या लागत. दोघांचे काम करणारा एक खेळाडू म्हणजे संघातली एक जागा वाचली.

नियमही सोयीचा आहे. पिचर स्वतःच स्वतःचा डीएच म्हणून उतरू शकतो. पिचिंगवरून काढले तरी त्याला डीएच म्हणून बॅटिंग चालू ठेवता येते. मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने, अशी तरतूद २०२२ मध्ये, पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीमुळे केली. कॉलेजात ती आधीपासून होती.

खरा हिशेब असतो फेकणाऱ्या हाताचा. शुक्रवारी ९० ते १०० पिच टाकलेल्या हाताला शनिवारी शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षणाची जागा) पहिल्या बेसपर्यंत ताकदीने फेकायला लावले, तर कोपर आणि खांद्याला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून मोठे टू-वे प्लेअर बहुतेक डीएच किंवा फर्स्ट बेसवर दिसतात. फर्स्ट बेसमनचे मुख्य काम फेक झेलण्याचे, त्याला स्वतः लांब फेकावे लागते ते क्वचित. शिवाय ही जागा डावखुऱ्याला सोयीची: ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे बाकी इनफिल्डच्या (बेसांभोवतालच्या आतल्या मैदानाच्या) बाजूला असतो. डाव्या हाताने फेकणारा आणि डावीकडून बॅटिंग करणारा खेळाडू इथे आणखी एका कारणाने सुरक्षित असतो. बॅटिंगला उभा असताना त्याचा फेकीचा हात मागे राहतो. उजव्या हाताने फेकून डावीकडून बॅटिंग करणाऱ्याचा फेकीचा हात मात्र पुढे, येणाऱ्या चेंडूच्या वाटेत असतो. त्याने कोपराला गार्ड बांधल्याशिवाय उभेच राहू नये. कॅचरची (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याची) जागा सगळ्यांत वाईट. तिथे गुडघे झिजतात आणि पिचरकडे चेंडू परत फेकून फेकूनच हात थकतो.

शुक्रवारच्या पिचरचा आठवडा साधारण असा बसतो: शनिवारी डीएच, रविवारी फर्स्ट बेस, सोमवारी सुट्टी, मंगळवारी फक्त बॅटिंग आणि सामन्याआधी बुलपेनमध्ये (पिचरच्या वॉर्म-अपच्या जागेत) २५-३० पिच, बुधवारी-गुरुवारी हलकी फेकाफेक. सरावाला आठवड्याला २० तासांचीच मर्यादा असल्याने बॅटिंगचा सराव, पिचिंगचा सराव आणि पिचरच्या बैठका एकमेकांवर येतात. अशा वेळी बहुधा क्षेत्ररक्षणाच्या सरावाला कात्री लागते.

क्षेत्ररक्षकालाच शेवटच्या इनिंगमध्ये पिचिंगला आणायचे असेल, तर अडचण वॉर्म-अपची. राइट फिल्डर मैदानात असताना बुलपेनमध्ये जाऊ शकत नाही. त्याला आपला संघ बॅटिंग करत असताना हात गरम करावा लागतो, आणि त्याच इनिंगमध्ये त्याची पाळी तिसरी-चौथी असेल तर पाच-सात पिच टाकून हेल्मेट घालायला धावावे लागते. बेसवर पोचला, दुसऱ्या बेसवरून होमपर्यंत पळाला, की धापा टाकतच माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) जातो. अशा वेळी पाय साथ देत नाहीत, हात मागे राहतो आणि पहिले दोन-तीन चेंडू स्ट्राइक झोनच्या (चेंडू जिथून जायला हवा त्या पट्ट्याच्या) वर जातात. अनुभवी कॅचर मग मुद्दाम माउंडवर जाऊन त्याला श्वास घेऊ देतो. दुसरी चूक फेकीच्या ढबीची. इनफिल्डर कोपर जवळ ठेवून आखूड, झटपट फेकतो, पिचरला लांब फेक हवी. दोन्हींची सरमिसळ झाली की आधी नियंत्रण जाते, मग कोपर दुखू लागते.

या प्रकारातला मानदंड जॉन ओलरुड. वॉशिंग्टन स्टेटकडून १९८८ मध्ये त्याने ०.४६४ सरासरीने (शंभरात सुमारे ४६ वेळा यशस्वी फटका) बॅटिंग करत २३ होमरन मारले आणि पिचर म्हणून १५ विजय मिळवले, पराभव शून्य. सर्वोत्तम टू-वे प्लेअरचा २०१० पासूनचा पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जातो. लुईव्हिलच्या ब्रेंडन मॅकेने तो २०१५ ते २०१७ सलग तीनदा जिंकला. केंटकीचा ए. जे. रीड आणि फ्लोरिडाचा जॅक कॅग्लियानोन हेही याच साच्यातले, आणि हे चौघेही डावखुरे फर्स्ट बेसमन. त्याआधी मिनेसोटाचा डेव्ह विनफिल्ड १९७३ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजचा (कॉलेजांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा) सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला तो पिचर आणि आउटफिल्डर म्हणून. व्यावसायिक बेसबॉलमध्ये तो पिचर नव्हे, मुख्यतः आउटफिल्डर राहिला.

पॉल स्कीन्स या डावखुऱ्या फर्स्ट बेसमनच्या साच्याला अपवाद. एअर फोर्स अकॅडमीत तो कॅचरही होता आणि पिचरही. लुइझियाना स्टेटमध्ये गेल्यावर त्याने बॅट बाजूला ठेवली. २०२३ च्या त्या एका हंगामात त्याने २०९ स्ट्राइकआउट घेतले (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), आणि कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या ओमाहातल्या अंतिम मालिकेत त्याच्या संघाने कॅग्लियानोनच्या फ्लोरिडाला हरवले.