गाडीचे हप्ते थकले, आता गाडी उचलणार म्हणतात : गोव्यातील कर्जदारांसाठी अर्ज, कागदपत्रे आणि मुदती

टॅक्सी चालवणाऱ्यांचा पर्यटन हंगाम मे अखेरीस संपतो, जूनमध्ये शाळांचा खर्च येतो आणि त्यापाठोपाठ चतुर्थी. हप्ते थकायला एवढे पुरते. फायनान्सवाल्यांचे फोन सुरू झाले की बरेच जण फोन उचलणेच बंद करतात, आणि नेमके तिथेच नुकसान होते. कर्जदाराला वाटाघाटीला जी जागा असते, ती बहुतेक पहिल्या ९० दिवसांतच असते.

९० दिवस कसे मोजतात

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकलेल्या खात्याचे टप्पे ठरलेले आहेत. ३० दिवसांपर्यंत एसएमए-० (एसएमए म्हणजे थकबाकीमुळे विशेष लक्ष ठेवलेले खाते), ३१ ते ६० दिवस एसएमए-१, ६१ ते ९० दिवस एसएमए-२, आणि त्यानंतर एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. ५ जूनचा हप्ता चुकला आणि पुढे काहीच भरले नाही, तर ३ सप्टेंबरला खाते एनपीए होते.

मोजणी सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्यापासून होते. त्यामुळे तीन हप्ते थकलेले असताना सगळे जमत नसतील, तर निदान एक हप्ता पूर्ण भरावा. जूनचा हप्ता फिटला की मोजणी ५ जुलैपासून धरली जाते आणि एक महिना हाती येतो. मात्र भरलेल्या रकमेतून आधी दंड आणि चेक बाऊन्सचे शुल्क वळते झाले, तर हप्त्यात पाचसहाशे रुपये कमी पडतात, जून थकलेलाच राहतो आणि तारीख पुढे सरकत नाही. भरणा करताना ‘जूनच्या हप्त्यापोटी’ असे ईमेलने कळवा आणि दोन-तीन दिवसांनी खातेउतारा मागवून रक्कम कुठे जमा झाली ते तपासा.

एकदा एनपीए झाल्यावर एखाददुसरा हप्ता भरून खाते पूर्ववत होत नाही. सगळी थकबाकी भरावी लागते.

दंडाबद्दलही हिशेब तपासावा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड हा ‘व्याज’ म्हणून लावता येत नाही. तो वेगळे शुल्क म्हणून दाखवावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. अशा दंडशुल्कावर जीएसटीही लागत नाही. उताऱ्यात तो लावलेला दिसला तर लेखी हरकत घ्या.

कर्ज कुणाचे आहे, ते आधी पाहा

पुढचा सगळा मार्ग यावर ठरतो. बँकेचे कर्ज असेल आणि खाते एनपीए झाले असेल, तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस देऊ शकते. या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. बिगरबँक फायनान्स कंपन्यांना हा कायदा २० लाख किंवा त्याहून मोठ्या कर्जांनाच वापरता येतो. त्यामुळे साध्या हॅचबॅक किंवा टॅक्सीच्या कर्जात या कंपन्या करारातील ताबा घेण्याच्या कलमावर आणि लवादावर, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या मध्यस्थाच्या निवाड्यावर, विसंबतात. लवादाची नोटीस आली तर ती फाईलमध्ये टाकून देऊ नका. तुम्ही हजर राहिला नाहीत म्हणून एकतर्फी आदेश होऊ शकतो.

पतसंस्थेचे कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) उपयोगी नाही. तिथे तक्रार सहकार निबंधकांकडे जाते.

करार हाताशी नसेल तर त्याची प्रत मागा. परिशिष्टांसह प्रत देणे संस्थेला बंधनकारक आहे. फायनान्स कंपनीच्या करारात ताब्यापूर्वीच्या नोटिशीची मुदत, नोटीस न देता ताबा कधी घेता येतो, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि गाडी परत देण्याची पद्धत लिहिलेली असली पाहिजे. ही चार कलमे पेन्सिलने खुणा करून ठेवा.

कोणता अर्ज, आणि कोणाला मिळतो

हप्ता कमी करून मिळणे हा हक्क नाही, तो संस्थेचा निर्णय असतो. मात्र खाते एनपीए होण्याआधी आलेला, उत्पन्नाच्या पुराव्यासह केलेला अर्ज आणि जप्तीच्या आदल्या दिवशी केलेली विनवणी यांचे वजन सारखे नसते.

उत्पन्न तात्पुरते बुडाले असेल (नोकरी गेली, आजारपण, हंगाम नाही) आणि ते परत सुरू होण्याची तारीख सांगता येत असेल, तर थकबाकी तीन-चार महिन्यांत विभागून भरण्याची मागणी करा. हा सर्वांत सोपा तोडगा, कारण त्यात मूळ करार बदलत नाही. उत्पन्न कायमचे घटले असेल तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी, म्हणजे पुनर्रचना. तिची नोंद क्रेडिट अहवालात होते आणि एकूण व्याज वाढते. हप्ता कितीही कमी केला तरी झेपणार नसेल, तर संस्थेच्या परवानगीने गाडी स्वतः विकणे हा आमच्या मते जप्तीपेक्षा केव्हाही बरा मार्ग. लिलावात सहसा बाजारभावापेक्षा कमी किंमत येते, वर ताब्याचा आणि यार्डाचा खर्च चढतो. एकरकमी तडजोडीत काही रक्कम माफ होते, पण क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढे गृहकर्ज घ्यायचे असेल तर हा पर्याय शेवटी ठेवा.

कागदपत्रे : कर्ज कराराची प्रत, हप्त्यांचे वेळापत्रक, ताजा खातेउतारा, आरसी, चालू विमा पॉलिसी, ६ महिन्यांचे बँक स्टेटमेंट, आधार व पॅन. अडचणीच्या पुराव्यासाठी नोकरी सुटल्याचे पत्र किंवा शेवटच्या पगारस्लिपा, रुग्णालयाचा डिस्चार्ज सारांश व बिले. टॅक्सी असल्यास परमिट, फिटनेस आणि मागील हंगामातील जमा दाखवणारे स्टेटमेंट. हे शेवटचे सर्वांत उपयोगी पडते. ऑक्टोबर ते मे पैसे येतात हे त्यावरून दिसले, की पावसाळ्यात कमी आणि हंगामात जास्त हप्ता मागायला आधार मिळतो.

जहाजावर नोकरी करणाऱ्या तारवटींच्या घरी एक वेगळीच अडचण येते. कर्ज त्याच्या नावावर, गाडी घरच्यांकडे. मुखत्यारपत्र नसेल तर संस्था घरच्यांना खात्याची माहितीही देत नाही. बोटीवर चढण्यापूर्वी ते करून ठेवावे.

अर्ज एका पानाचा पुरे. कर्ज क्रमांक, गाडीचा क्रमांक, किती हप्ते कोणत्या तारखेचे थकले, कारण, आज किती भरतो, उरलेले कोणत्या तारखांना भरणार, आणि लेखी उत्तराची विनंती. ‘परिस्थिती सुधारल्यावर भरीन’ या वाक्यावर कोणीही निर्णय घेत नाही. अर्ज शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या आणि तोच तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. वसुली एजंटने फोनवर ‘साहेबांशी बोललो, चालेल’ म्हटले, त्याला मंजुरी समजू नका. पैसे कर्ज खात्यातच भरा, एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर नको.

हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल तर शिल्लक नसताना तो वारंवार परत जाऊ देऊ नका. प्रत्येक वेळी तुमची बँक आणि कर्ज देणारी संस्था असे दोघांचे शुल्क लागते. शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटल्यासारखाच फौजदारी खटला होऊ शकतो. त्याची मागणी नोटीस आली तर १५ दिवसांत रक्कम भरायची असते.

हे दोन ‘उपाय’ करू नका

पहिला, चालू हप्त्यावर गाडी दुसऱ्याला देणे. नोटरीच्या कागदावर लिहून घेतात, थोडे पैसे हाती देतात, पुढचे हप्ते तो भरणार म्हणतात. आरसी तुमच्या नावावर, कर्ज तुमच्या नावावर. त्याने भरले नाही तर वसुली तुमच्याकडे, अपघात झाला तर दावाही तुमच्यावर. संस्थेच्या परवानगीशिवाय तारण गाडी हलवल्याबद्दल विश्वासघाताची फिर्याद होऊ शकते ती वेगळी.

दुसरा खास आपल्याकडचा : खासगी नंबरप्लेटची गाडी हप्ता निघावा म्हणून पर्यटकांना भाड्याने देणे. परमिटशिवाय भाड्याने दिलेली गाडी वाहतूक खात्याने पकडली तर दंड होतो आणि अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते. गाडी मोडली, तरी कर्ज उरते.

गाडी न्यायला माणसे आली तर

बळाचा वापर करून ताबा घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात वसुलीसाठी गुंड वापरण्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आहेत. एजंटकडे ओळखपत्र आणि संस्थेचे अधिकारपत्र असावे लागते. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शेजाऱ्यांत, नातेवाइकांत बदनामी करणेही नियमबाह्य आहे.

ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, त्यांचे फोटो काढा, संभाषण रेकॉर्ड करा. रस्त्यात अडवून चावी हिसकावली तर ११२ वर फोन करून नजीकच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. एजंटांनी ताब्याची पूर्वसूचना ठाण्यात दिलेली असू शकते, पण त्या पत्रामुळे जबरदस्तीचा परवाना मिळत नाही. स्वतः मात्र हातघाईवर येऊ नका.

सही करताना फार जपून. ताबा घेताना पुढे केला जाणारा कागद पुष्कळदा ‘मी स्वेच्छेने गाडी सुपूर्द करत आहे’ असा असतो. त्यावर सही झाली की नोटीस न मिळाल्याची तक्रार लंगडी पडते. गाडी द्यायचीच ठरवली तर यादीवर सही करा : किलोमीटरचा आकडा, टायर, बॅटरी, म्युझिक सिस्टिम, ओरखडे, तारीख आणि वेळ. स्वतःचे सामान काढून घ्या आणि फास्टॅग बंद करा.

ताबा गेल्यानंतर

विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी द्यावी लागते. गाडी नेली त्याच दिवशी ईमेल करून तीन गोष्टी मागा : गाडी परत मिळवण्यासाठी लागणाऱ्या रकमेचा तपशील, यार्डचा पत्ता, विक्रीची तारीख. ताबा आणि यार्डाचे शुल्क करारातील दरपत्रकाशी ताडून पाहा. नोटीस आरसी व करारावरील पत्त्यावर जाते. घर बदलले असेल आणि पत्ता जुनाच असेल, तर नोटीस हाती न आल्याची सबब फारशी टिकत नाही.

लिलावानंतर विक्रीचा हिशेब लेखी घ्या. जास्त रक्कम आली तर ती तुमची, कमी आली तर उरलेल्याची मागणी तुमच्याकडे आणि जामीनदाराकडे येते. गाडी गेली म्हणजे कर्ज संपले, हा समज चुकीचा आहे. आरसीही आपोआप बदलत नाही. संस्थेला फॉर्म ३६ ने आपल्या नावावर नोंदणी मागता येते आणि वाहतूक कार्यालय तुम्हाला फॉर्म ३७ ची नोटीस काढते. नाव बदलेपर्यंत ई-चलने तुमच्या नावावर येत राहतात, म्हणून ताब्याची तारीख लेखी कळवणारे पत्र आपल्या भागातील सहाय्यक वाहतूक संचालकांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या.

तक्रार कुठे

आधी संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा ते समाधानकारक नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे. शुल्क नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८. तोच वाद कोर्टात किंवा लवादात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाही, त्यामुळे क्रम चुकवू नका.

नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग : उत्तर गोव्यासाठी पर्वरी, दक्षिणेसाठी मडगाव. मुदत दोन वर्षांची. टॅक्सी स्वतः चालवून पोट भरत असाल तर ‘व्यावसायिक वापर’ म्हणून तक्रार फेटाळली जाऊ नये यासाठी परमिट, बॅज आणि स्वयंरोजगाराचा उल्लेख अर्जातच करा. तडजोडीची तयारी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लोकअदालतीसाठी अर्ज देता येतो. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून आकडे आणि तारखा झेपतील अशाच मान्य करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालील लोकांना मोफत वकीलही मिळतो, त्यासाठी १५१०० वर चौकशी करा.

सगळे फिटल्यावर ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरसीवरील तारणाची नोंद काढून घ्या. खासगी गाडीची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली नाहीत आणि उशीर संस्थेमुळे झाला असेल, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे.