विक्रीच्या अंदाजाचे टूल एआय एजंटला जोडण्याआधी: डॉक्युमेंटेशन कसे तपासावे
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे येणारे दुकानदार आणि डिस्ट्रिब्युटर बहुधा पहिला प्रश्न विचारतात, ‘अंदाज किती बरोबर येतो?’ प्रश्न रास्त आहे. पण टूल तुम्ही स्वतः न चालवता एआय एजंट (तुमच्या वतीने टूल चालवणारा संगणक प्रोग्रॅम) चालवणार असेल, तर आधी हे बघा: टूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे ते कसे चालवायचे याच्या लेखी माहितीत, काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहून गेले आहे.

माणूस अडला की फोन करून विचारतो. एजंट पुष्कळदा विचारत नाही. जे लिहिलेले नाही ते मनाने धरून पुढे जातो, आणि आकडा मात्र तितक्याच ठामपणे हातात देतो. त्या आकड्यावर तुम्ही माल भरता.

उदाहरण म्हणून प्रॉफेट घेऊ. फेसबुकने २०१७ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले हे अंदाजाचे टूल फुकट मिळते आणि त्याचे डॉक्युमेंटेशन कोणालाही वाचता येते. आमच्या मते ते चांगल्यापैकी आहे. तरीही एजंट कुठे घसरू शकतो, ते त्यातून नीट दिसते.

तारखा आणि रकमा

प्रॉफेटला दोन रकाने लागतात: तारखेचा ‘डीएस’ आणि विक्रीचा ‘वाय’. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी द्यावी, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. हे एक वाक्य लाखमोलाचे आहे. आपल्या वहीत ०५-०४-२०२५ म्हणजे ५ एप्रिल. प्रॉफेट ज्यावर चालते ती, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली पांडाज लायब्ररी (तयार कोडचा संच) मात्र, वेगळे सांगितले नाही तर, ती ४ मे समजते. एरर येईलच असे नाही, आणि महिन्यांची सरमिसळ होऊ शकते.

रकमेबाबत प्रॉफेट काहीच विचारत नाही, त्याला नुसता आकडा हवा असतो. म्हणून रक्कम रुपयांत की लाखांत, जीएसटी धरून की वगळून, परत आलेला माल वजा केला की नाही, हे तुमच्या बाजूने लिहून द्यावे लागते. विकत घेतलेल्या टूलमध्ये ‘पहिली तिमाही’ म्हणजे एप्रिल ते जून की जानेवारी ते मार्च, हेही लिहिलेले असायला हवे. माल संपला होता म्हणून विक्री शून्य, आणि नोंदच नाही म्हणून जागा रिकामी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या जागा प्रॉफेटला चालतात. शून्य मात्र तो खरी विक्री म्हणूनच धरतो.

सणांचे काय?

आपल्याकडच्या व्यापारात खरी परीक्षा इथेच होते. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. ‘गेल्या नोव्हेंबरइतकीच विक्री’ असे धरणारे टूल इथे सपशेल आपटते.

प्रॉफेटला सणांची यादी देता येते, आणि डॉक्युमेंटेशन बजावते की यादीत मागच्या तारखांबरोबर पुढच्याही हव्यात. एजंटने जुन्या दिवाळ्या दिल्या आणि २०२६ ची, म्हणजे ८ नोव्हेंबरची, राहून गेली, तर दिवाळीचा उठाव मागच्या वर्षांत दिसेल आणि पुढच्या अंदाजातून गायब होईल. शिवाय सणाआधीचे किती दिवस धरायचे, ते वेगळे सांगावे लागते. नाहीतर टूल फक्त त्या एका दिवसाचा परिणाम मोजते, आणि गिऱ्हाईक तर धनत्रयोदशीच्याही आधीपासून येते. देशाच्या सुट्ट्यांची तयार यादी जोडण्याची सोय आहे; पण त्यात गुढीपाडवा आहे का, ते स्वतः डोळ्यांनी बघा.

न सांगता घडणाऱ्या गोष्टी

डॉक्युमेंटेशन वाचताना आम्ही सर्वात जास्त वेळ इथे घालवतो: तुम्ही काही सांगितले नाही तर टूल काय करते? पुढच्या तारखांचा तक्ता बनवताना प्रॉफेट मागच्या तारखाही त्यात ठेवतो, आणि तारखा रोजच्या धरतो. घाईत असलेल्या एजंटने अंदाजाच्या पूर्ण रकान्याची बेरीज केली, तर जुन्या तारखांचे आकडेही ‘पुढच्या विक्रीत’ जमा होतात. तसेच अंदाजासोबत येणारी खालची-वरची मर्यादा न सांगता ८० टक्क्यांची असते, म्हणजे साधारण पाचातल्या एका वेळी खरा आकडा तिच्या बाहेर जाईल हे टूलच धरून चालते. एजंटने तिला ‘खात्रीची’ म्हटले तर मानू नका.

आवृत्तीही पाहा. २०२१ मध्ये पायथनमधले याचे नाव ‘एफबीप्रॉफेट’चे ‘प्रॉफेट’ झाले, पण जुन्या नावाचे नमुने इंटरनेटवर अजून पसरलेले आहेत आणि एजंट तेच शिकून आलेला असू शकतो. ज्या डॉक्युमेंटेशनच्या पानावर आवृत्तीच लिहिलेली नाही, त्याचे गुण आम्ही सरळ कापतो.

घरच्या घरी चाचणी

एजंटला फक्त डॉक्युमेंटेशन द्या, बाकी काही नको. मग विचारा: तारीख कशी लिहायची? रिकामा दिवस आला तर काय होते? चुकीची फाइल दिली तर कोणता एरर येतो? टूल फक्त वाचते की ऑर्डरही टाकू शकते? प्रत्येक उत्तराला मूळ वाक्य दाखवायला सांगा. शेवटी मुद्दाम असा एक प्रश्न घाला, ज्याचे उत्तर त्यात नाहीच. ‘हे दिलेले नाही’ असे उत्तर आले तर बरे. बनवून सांगितले, तर त्या मुद्द्यावर एक पानाची सूचना तुम्हीच लिहून एजंटला जोडून द्या.

हे काम आमच्याकडून करून घ्यायचे असेल, तर येताना टॅलीतून काढलेली किमान दोन वर्षांची रोजची विक्री, माल संपल्याच्या तारखा आणि टूलच्या डॉक्युमेंटेशनची प्रत आणा. गिऱ्हाइकांची नावे आणि फोन नंबर आधी काढून टाका. अंदाजाला ते लागत नाहीत.