‘नोव्हम ऑर्गनम’ : बेकनच्या नव्या पद्धतीची पार्श्वभूमी

इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर फ्रान्सिस बेकन याने १६२० साली लंडनमध्ये एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याला ‘नोव्हम ऑर्गनम’, म्हणजे ‘नवे साधन’, असे नाव दिले. हा रोख कोणावर आहे, हे त्या काळी विद्यापीठात शिकलेल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावरील सहा ग्रंथांना त्याच्या पश्चात ‘ऑर्गनॉन’ हे एकत्रित नाव पडले होते आणि युरोपातील विद्यापीठीय शिक्षणाचा पाया शतकानुशतके त्याच ग्रंथांवर रचलेला होता.

बेकन १५७३ साली, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. ॲरिस्टॉटलविषयीची त्याची नाराजी तेथेच सुरू झाली, असे त्याचा चरित्रकार विल्यम रॉली नमूद करतो. हे तत्त्वज्ञान वादविवादाला बळ देते, पण माणसाच्या उपयोगाचे काही त्यातून निपजत नाही, ही त्याची तक्रार होती. पुढे ग्रंथात ती अधिक नेमकी झाली. दोन विधानांवरून तिसरे काढण्याची रीत निर्दोष असली, तरी विधाने शब्दांची बनलेली असतात आणि शब्द कल्पनांच्या जागी उभे असतात; त्या मूळ कल्पनाच घाईघाईने आणि धूसरपणे बांधलेल्या असतील, तर वरच्या इमारतीला बळकटी येणार कोठून, असा त्याचा प्रश्न होता.

‘भरपूर निरीक्षणे गोळा करावीत आणि त्यांवरून नियम काढावा’ असे बेकनच्या पद्धतीचे वर्णन पाठ्यपुस्तकांतून सर्रास आढळते, पण ते त्याच्यावर अन्याय करणारे आहे. नुसती उदाहरणे मोजत जाणाऱ्या विगमनाला, म्हणजे उदाहरणांवरून नियम काढण्याच्या रीतीला, तो स्वतःच पोरकट म्हणतो, कारण एखादे विरुद्ध उदाहरण समोर आले की असा निष्कर्ष कोसळतो. त्याचा भर वगळण्यावर आहे: नकार देत देत जे उरेल त्याच्याकडे जायचे.

ग्रंथाच्या दुसऱ्या भागातील उष्णतेचे विवेचन पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. उष्णता कोठे कोठे आढळते याची सत्तावीस कलमांची यादी बेकन प्रथम देतो. तीत सूर्यकिरण, वीज आणि ज्वाला आहेत, तसेच पाणी शिंपडलेली चुन्याची कळी, ओलसर गवताची गंजी आणि घोड्याची ताजी लीदही आहे. दुसऱ्या तक्त्यात तो प्रत्येकाशी साम्य असलेले, पण उष्णता नसलेले उदाहरण शोधतो. सूर्यासमोर येतो चंद्र; त्याचे किरण स्पर्शाला उष्ण लागत नाहीत, पण तेवढ्यावर न थांबता, प्रखर भिंगातून ते एकत्र करून काही ऊब मिळते का हे पाहावे, अशी सूचना तो करतो. तिसरा तक्ता उष्णतेच्या कमीअधिक प्रमाणाचा आहे. मग छाटणी सुरू होते. चंद्राचा प्रकाश थंड असल्याने तेज हे उष्णतेचे स्वरूप नव्हे. उकळते पाणी चमकत नाही, त्यानेही तेच ठरते. शेवटी तो जपून म्हणतो की उष्णता ही पदार्थाच्या सूक्ष्म कणांची, बाहेर पसरू पाहणारी पण अडवली जाणारी गती असावी. या निष्कर्षाला तो ‘पहिला हंगाम’ एवढेच म्हणतो, हे मला विशेष वाटते.

दोन कारणांपैकी खरे कोणते, हे ठरवणाऱ्या उदाहरणाला बेकनने चौरस्त्यावरील दिशादर्शक खांबाचे नाव दिले. वजने जड असतात ती पृथ्वीच्या ओढीमुळे की स्वतःच्या अंगभूत धर्मामुळे? यासाठी त्याने सुचवलेला प्रयोग असा: एक वजनावर चालणारे आणि एक स्प्रिंगवर चालणारे घड्याळ आधी बरोबर जुळवून घ्यावे, मग ती उंच मनोऱ्यावर आणि खोल खाणीत नेऊन वजनाच्या घड्याळाची चाल बदलते का ते पाहावे. रॉबर्ट हूक आणि न्यूटन यांनी वापरलेला ‘एक्सपेरिमेंटम क्रुसिस’ (निर्णायक प्रयोग) हा शब्दप्रयोग याच कल्पनेतून आला आहे.

बेकनच्या उणिवाही लहान नव्हत्या. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे म्हणणे त्याला मान्य नव्हते, चुंबकावर मोलाचे प्रयोग करणाऱ्या गिल्बर्टवर तो टीका करत राहिला आणि पुढच्या शतकात भौतिकशास्त्राची सूत्रे हाती घेणाऱ्या गणिताला त्याच्या पद्धतीत दुय्यम स्थान होते. ग्रंथाचे स्वागतही थंडच झाले. त्याचा जुना प्रतिस्पर्धी एडवर्ड कोक याने आपल्या प्रतीवर, हे पुस्तक शाळांत वाचण्याच्या नव्हे, तर मूर्खांच्या जहाजात भरण्याच्या लायकीचे आहे, अशा अर्थाच्या दोन ओळी खरडल्या. पुढच्याच वर्षी, १६२१ मध्ये, लाचखोरीच्या आरोपावरून बेकनचे पद गेले आणि त्याला चाळीस हजार पौंडांचा दंड झाला. ‘नोव्हम ऑर्गनम’ हा त्याच्या ‘इन्स्टॉराशिओ मॅग्ना’ (ज्ञानाची महान पुनर्रचना) या सहा भागांच्या योजनेचा दुसरा भाग होता. १६२६ मध्ये तो वारला तेव्हा ती अपुरीच होती.

त्याला मान मिळाला तो नंतर. १६६० मध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेने त्याला आपला पूर्वसूरी मानले आणि १६६७ मध्ये टॉमस स्प्रॅटने लिहिलेल्या सोसायटीच्या इतिहासात मुखचित्रावर त्याला बसवले. भारतात १८२३ मध्ये राममोहन रॉय यांनी गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट यांना लिहिलेल्या पत्रात, संस्कृत पाठशाळेऐवजी आधुनिक विज्ञान शिकवावे म्हणून, बेकनपूर्वीच्या आणि बेकननंतरच्या युरोपातील ज्ञानाची तुलना पुढे केली. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये मांडलेल्या अन्वय (सर्व उदाहरणांत समान काय ते पाहणे), व्यतिरेक (असणे-नसणे यांतला फरक पाहणे) आणि सहपरिवर्तन (एकाबरोबर दुसरे कमीअधिक होते का ते पाहणे) या रीतींत बेकनचे तिन्ही तक्ते सहज ओळखू येतात, आणि तर्कशास्त्राचे विद्यार्थी त्या अजूनही बहुधा मिलच्याच नावाने शिकतात.