नागपूरचा बोलका रेडिओ: एका सवयीची पार्श्वभूमी

नागपुरात ज्या घरात अजून सकाळी रेडिओ लागतो, तिथे तो बहुधा गाण्यांसाठी लागत नाही. बातम्या, शेतीचा सल्ला, डॉक्टरांची मुलाखत, एखादं भाषण, श्रुतिका, म्हणजे माणसाचं बोलणं ऐकण्यासाठी तो लागतो. महाल, इतवारी किंवा सक्करदऱ्यातला एखादा निवृत्त माणूस रोज ठरल्या वेळी खुंटी फिरवतो, तेव्हा त्या सवयीमागे पाऊणशे वर्षांचा इतिहास असतो. त्यातला बराचसा मिडियम वेव्ह या लहरीचा आहे.

फाळणीनंतर भारताच्या वाट्याला रेडिओची सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. मध्य भारतात एकही नव्हतं. पुढच्या वर्षभरात नवी केंद्रं भराभर उघडली आणि त्यांत १६ जुलै १९४८ रोजी नागपूर सुरू झालं, पुण्याच्या पाच वर्षं आधी. शहर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. सरकार, उच्च न्यायालय, विद्यापीठ, वर्तमानपत्रं सगळं इथेच असल्यामुळे बोलायला माणसं होती आणि सांगायला विषय होते. सिव्हिल लाइन्समधल्या केंद्राजवळचा चौक आजही आकाशवाणी चौक म्हणूनच ओळखला जातो.

राजधानी असल्याचा दुसरा परिणाम भाषेवर झाला. प्रांत मराठी आणि हिंदी असा दुभाषी होता, म्हणून केंद्रही दोन्ही भाषांत बोलू लागलं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला, राजधानीपण गेलं. कानाला लागलेलं दुभाषीपण मात्र राहिलं. आठच्या हिंदी बातम्या, सव्वाआठच्या इंग्रजी आणि साडेआठच्या मराठी अशा ओळीनं ऐकणारी घरं इथे होती, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. १९५० च्या दशकात आकाशवाणीनं प्रादेशिक बातम्यांचे विभाग काढले, तेव्हा लखनौबरोबर नागपूर अगदी सुरुवातीच्यांत होतं. गावाच्या बातम्या गावाच्या केंद्रावरून ऐकायची सवय तिथून लागली.

आता लहरीबद्दल. ५८५ किलोहर्ट्झ ही नागपूर ‘अ’ केंद्राची, म्हणजे मिडियम वेव्हवरच्या मुख्य वाहिनीची जागा. जुन्या सेटच्या तबकडीवर लहरीची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असे, म्हणून निवेदक ‘५१२.८ मीटर म्हणजेच ५८५ किलोहर्ट्झ’ असं दोन्ही सांगत. या लांबीची लहर जमिनीला धरून पसरते. ३०० किलोवॅटचा प्रक्षेपक असेल तर दिवसाही ती शंभर-दीडशे किलोमीटरपलीकडच्या शेतात पोचते. मधली टेकडी तिला अडवत नाही. नागपुरातलं बोलणं वर्धा, भंडारा, काटोलच्या संत्राबागेत आणि उमरेडच्या धानात एकाच वेळी ऐकू जाई ते यामुळे. शेतीचे कार्यक्रम या लहरीवर रुजले ते काही योगायोगानं नाही.

मिडियम वेव्ह बोलण्यालाच सोयीची आहे, याला आणखी एक कारण आहे. या पट्ट्यात शेजारच्या दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, म्हणून आवाजाचा वरचा भाग साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास कापावा लागतो. सतारीचा झणकार त्यात मरतो. माणसाचं बोलणं समजायला मात्र साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात, आणि तेवढं इथे सहज बसतं. गाणी एफएमकडे गेली आणि बोलणं मिडियम वेव्हवर राहिलं, ही वाटणी बरीचशी या आकड्यांनी केली आहे.

रात्री हीच लहर वेगळी वागते. दिवसा वातावरणातला सर्वांत खालचा विद्युतभारित थर तिला शोषतो. सूर्य मावळला की तो विरळ होतो आणि वरचे थर लहर परत खाली फेकतात. मग शेकडो किलोमीटरवरची केंद्रं येऊ लागतात, एकमेकांवर चढतात, आवाज येतो-जातो. सेट बिघडला असं समजून तो दुरुस्तीला नेण्याची गरज नसते. रात्रीच्या याच गुणाचा उपयोग करून १८ मे १९८८ ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिच्यासाठी नागपूरजवळ १००० किलोवॅटचा प्रक्षेपक १५६६ किलोहर्ट्झवर उभारला, कारण देशाच्या मध्यातून चारही दिशांना जाता येतं. रात्रपाळीचे कामगार, ट्रकचालक, झोप न येणारी म्हातारी माणसं यांना रात्रभर बोलणारा सोबती मिळाला. डिसेंबर २०१८ मध्ये ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. माझ्या मते हे नुकसान जेवढं बोललं गेलं त्याहून मोठं आहे. रात्री दोन वाजता सलग, शांतपणे बोलणारं दुसरं काही त्या श्रोत्यांना मिळालेलं नाही.

सवय घडवणारी दुसरी गोष्ट घड्याळ. आकाशवाणीचा दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन सभांत विभागलेला असे. सभा उघडताना वाजणारी संकेतधून वॉल्टर कॉफमन यांनी १९३६ च्या सुमारास बांधली. तिचा आधार शिवरंजनी राग. त्यानंतर वंदना, मग बोलणं. ठरलेला कार्यक्रम ठरलेल्या मिनिटाला येई, म्हणून लोकांनी आंघोळ, चहा, डबा आणि ऑफिसची सायकल त्याला जोडून टाकली. रेडिओ ऐकायला वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, हेच त्याचं बळ.

बोलणं तयार कसं होई, तेही सांगायला हवं. व्याख्यान बहुधा दहा मिनिटांचं. वक्त्याला करारपत्र जाई, तो संहिता लिहून आणी, ती आधी वाचली जाई. मराठीत रेडिओच्या गतीनं मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द बसतात, म्हणजे दहा मिनिटांना हजार-बाराशे. त्याहून जास्त लिहून आणलं की वक्ता शेवटी धावतो आणि सगळा मुद्दा वाहून जातो. वाक्य लांबलं की श्वास मध्येच तुटतो, म्हणून अनुभवी अधिकारी वाक्यं तोडून घेत. ध्वनिमुद्रण पाव इंची टेपवर, सेकंदाला साडेसात इंच गतीनं. चूक कापायची तर टेप हातानं मागे-पुढे फिरवून शब्दाची सुरुवात शोधायची, खडूनं खूण करायची, ब्लेडनं तिरका छेद द्यायचा आणि चिकटपट्टीनं जोडायचं. छेद तिरकाच हवा, कारण सरळ कापलेल्या जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो. या कष्टामुळे बोलणं नेटकं होई. फोन-इन, म्हणजे श्रोत्यानं फोनवरून बोलायचे कार्यक्रम, आल्यावर श्रोता आत आला आणि हे सगळं सैल झालं. त्यात जिवंतपणा आला, नेटकेपणा थोडा गेला. दोन्हींना जागा आहे.

घरातला सेट आधी व्हॉल्व्हचा होता. लावल्यावर तापायला अर्धा-पाऊण मिनिट लागे, गच्चीवर तांब्याची तार ताणावी लागे आणि पोस्टातून दरवर्षी लायसन्स घ्यावं लागे; पंधरा रुपये ही फी अनेकांना आठवते. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, धुऱ्यावर, पानठेल्यावर गेला. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन शहरांत. म्हणजे व्यापारी रेडिओच्या पहिल्या शहरांतलं हे एक. लायसन्स १९८० च्या दशकात गेलं. क्रिकेटचं धावतं वर्णन हाही बोलका रेडिओच; ऑक्टोबर १९६९ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर नागपुरातली पहिली कसोटी झाली, न्यूझीलंडविरुद्ध. रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी हिंदी ऐकणारेही पुष्कळ होते. ते शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं.

एफएम आल्यावर आवाज स्वच्छ झाला. विविध भारती १००.६ मेगाहर्ट्झवर ऐकू येते, २००६ नंतरच्या काळात खासगी केंद्रंही आली. पण त्यांच्यावर बोलका रेडिओ उभा राहिला नाही, याचं कारण श्रोत्यांची आवड नाही, नियम आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरचे कार्यक्रम करता येत नाहीत. २०११ च्या धोरणानं हवामान, वाहतूक, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकऱ्या अशी माहिती ‘बातमी नसलेली’ म्हणून मोकळी केली, आणि आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायला वाव दिला. चालू घडामोडींवरची चर्चा, प्रश्नोत्तरं, महापालिकेच्या पाण्यावर नागरिकांचं बोलणं यांना तिथे जागा नाही. अमेरिकेत १९८७ नंतर मतं मांडणाऱ्या निवेदकांची जी लाट आली, तसं काही नागपुरात होणं शक्यच नव्हतं. बोलण्याचा सगळा भार एकट्या आकाशवाणीवर राहिला.

आज ५८५ ऐकताना खरखर येते, तेव्हा लोक केंद्राला दोष देतात. बहुतेक वेळा दोष घरात असतो. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, मोबाइल चार्जर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हे सगळे याच पट्ट्यात गोंधळ फेकतात. तपासायची पद्धत सोपी आहे: रेडिओ सेलवर लावा, घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर एकेक सर्किट सुरू करत जा. ज्या क्षणी ती परत येईल, तिथे गुन्हेगार सापडतो. नाहीच थांबली तर शेजारी किंवा रस्त्यावरची तार पाहावी लागते.

त्यानंतर सेट फिरवून पाहा. मिडियम वेव्हसाठी आत फेराइटची काळी कांडी असते. वर ओढायची स्टीलची दांडी फक्त एफएम आणि शॉर्टवेव्हला लागते, ती कितीही लांब केली तरी ५८५ वर फरक पडत नाही. कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असताना आवाज सर्वांत मोठा, टोक केंद्राकडे असताना सर्वांत बारीक. हाच नियम गोंधळालाही लागू आहे, म्हणून कधी कधी थोडा आवाज सोडून गोंधळाकडे टोक करणं फायद्याचं ठरतं. सिमेंटच्या स्लॅबखाली आणि लोखंडी कपाटाशेजारी लहर दबते. खिडकीचा कोनाडा उत्तम.

नागपूरचा उन्हाळा ही वेगळीच अडचण. मार्चअखेर कूलर लागतो तो पावसापर्यंत चालतो. त्याची घरघर आणि हवेचा सळसळाट ‘स’, ‘श’, ‘ट’, ‘त’ ही व्यंजनं झाकून टाकतो. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाही. माणूस आवाज वाढवतो, छोटा स्पीकर फाटतो आणि कळणं आणखी कमी होतं. त्यापेक्षा सेट हाताच्या अंतरावर घ्यावा, बास उतरवावा, ट्रेबल चढवावा. कूलरच्या झोतात तर ठेवूच नये, ओलीनं सेलच्या पट्ट्या गंजतात. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते. ती खायच्या सोड्याच्या किंचित ओल्या कापसानं पुसावी आणि पट्टी कोरडी करावी.

नवा सेट घेताना एक गोष्ट बघायलाच हवी. आकडे दाखवणारे काही सेट अमेरिकेच्या १० किलोहर्ट्झच्या टप्प्यानं चालतात. आपल्याकडे १९७८ पासून ९ चा टप्पा आहे. १० च्या टप्प्यावर ५८० नंतर थेट ५९० येतं, ५८५ लागतच नाही, दोन्हीकडे फाटका आवाज ऐकू येतो. अनेक सेटांत ९/१० चं बटण किंवा सेटिंग असतं. ते दुकानातच बदलून ५८५ लावून पाहावं.

ॲपवर केंद्र ऐकणं सोपं आहे आणि परगावी गेलेल्यांना त्याचा मोठा आधार आहे. सेकंदाला ६४ किलोबिटची धारा धरली तर तासाला सुमारे २९ एमबी डेटा जातो. आवाज मात्र प्रक्षेपकापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतो, त्यामुळे त्यावर घड्याळ लावू नये. शिवाय गावाकडे नेटवर्क गेलं की ॲप गप्प होतं. सेलवरचा ट्रान्झिस्टर वादळात वीज गेल्यावरही बोलत राहतो, आणि हवामानाचा इशारा नेमका तेव्हाच लागतो.