पार्श्वभूमी : मार सबाच्या पत्राचा वाद

मार सबा मठात सापडलेल्या पत्राचा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो आणि दर वेळी पहिल्याच फेरीत तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. ही प्रत विसाव्या शतकात कोणी लिहिली का? पत्र खरोखर दुसऱ्या शतकाच्या अखेरचा ख्रिस्ती लेखक, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, याचे का? आणि त्यात दिलेले ‘मार्कच्या गूढ शुभवर्तमाना’चे, म्हणजे बायबलमधल्या मार्कलिखित येशूचरित्राच्या वेगळ्या पाठाचे, उतारे मार्कच्या परंपरेतले का? तिन्हींना सरसकट ‘बनावट’ हा एकच शब्द लावला जातो, घोळ तिथेच सुरू होतो. जुन्या मजकुराची दीड हजार वर्षांनी केलेली नक्कल बनावट ठरत नाही. दुसऱ्याच्या नावावर खपवलेले लेखन बनावटच, पण ते पाचव्या शतकातलेही असू शकते. मूळ ग्रंथात मागाहून शिरलेला मजकूर म्हणजे क्षेपक, त्याचा न्याय आणखी वेगळा. मराठीत हे भेद रुळलेले आहेत, ते वापरायला काय हरकत?

१९५८ मध्ये जेरुसलेमच्या आग्नेयेला असलेल्या या मठात एक अमेरिकन प्राध्यापक हस्तलिखितांची यादी करत होते. १६४६ साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या, इग्नेशियस या आरंभीच्या ख्रिस्ती धर्मगुरूच्या पत्रांच्या प्रतीत, शेवटच्या कोऱ्या पानाच्या दोन्ही बाजूंना आणि बांधणाऱ्याने जोडलेल्या पानाच्या साधारण अर्ध्या भागावर, त्यांना ग्रीक मजकूर दिसला. एकूण ७२ ओळी, वळण अठराव्या शतकातले. त्यांनी कृष्णधवल छायाचित्रे घेतली, पुस्तक जागेवर ठेवले, १९६० मध्ये शोध जाहीर केला आणि १९७३ मध्ये तो सविस्तर छापला. पत्रातले मोठे अवतरण मार्कच्या दहाव्या अध्यायात ३४ व्या वचनानंतर बसते : येशू एका तरुणाला मेलेल्यातून उठवतो आणि सहा दिवसांनी रात्री त्याला देवाच्या राज्याचे गूढ शिकवतो. खळबळ माजली ती या रात्रीमुळे.

संशयाला पहिले नेटके रूप १९७५ च्या एका लेखाने दिले. मूळ वस्तू तपासलीच नाही, छायाचित्रांवर सगळा डोलारा उभा आहे, हा त्याचा मुख्य आक्षेप. तो रास्तच होता. पुढच्याच वर्षी चार जणांनी मठात जाऊन पुस्तक शोधले आणि जेरुसलेमला आणले. शाईच्या चाचणीचा विषय निघाला, पण ती करण्याची साधने पोलिसांकडेच आहेत हे कळल्यावर पुस्तकाची मालकी असलेल्या जेरुसलेमच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठाच्या बाजूने नकार आला.

मग आला १९७७ चा निर्णय, ज्याची किंमत अजून मोजली जाते आहे. छायाचित्रे घेण्यासाठी ती पाने पुस्तकापासून सुटी केली गेली. हस्तलिखित पाने हस्तलिखितांच्या विभागात असावीत, असा त्यामागचा हिशेब. ग्रंथालयाच्या दृष्टीने तो चुकीचा नाही, पुराव्याच्या दृष्टीने मात्र घातक. पान बांधणीत असताना बरेच काही वाचता येते. अक्षरे शिलाईच्या घडीत शिरतात की घडीपाशी आखडतात? समोरच्या पानावर शाईचा फिकट ठसा उमटला आहे का? कसरीचे भोक अक्षरातून आरपार गेले असेल, तर लेखन आधीचे. भोकाच्या कडेत शाई झिरपली असेल, तर लेखन नंतरचे. १९८३ मध्ये पाने एका अभ्यासकाला पाहायला मिळाली, आणि तो नेमका १९७५ चा आक्षेपकर्ता. पण त्या भेटीची हकिकत त्याच्या हयातीत छापून आली नाही. नंतर आलेल्यांच्या हाती फक्त छापील पुस्तक लागले, सुटी केलेली पाने सापडली नाहीत.

पाने नसल्याने भांडण पुन्हा छायाचित्रांवर आले. २००५ मध्ये एका पुस्तकाने दावा केला की अक्षरांत ‘थरथर’ आहे. लिहिण्याऐवजी अक्षर चितारले की रेघ कापते, लेखणी मधेच उचलली जाते, टोके बोथट येतात. लक्षणे खरीच, पण ती पाहिली होती १९७३ च्या पुस्तकात छापलेल्या चित्रांत. छपाईत चित्राचे बारीक ठिपके होतात; ते मोठे करून पाहिले की सरळ रेघही दातेरी दिसते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रंगीत छायाचित्रांत ती थरथर फारशी उरत नाही. शोधकर्त्यानेच कट रचल्याचा आरोप या एका आधारावर उभा नव्हता, तरी सर्वांत गाजला तो हाच. पुढे एका नियतकालिकाने दोन ग्रीक तज्ज्ञांना विचारले. हस्ताक्षरतज्ज्ञाला लेखन सहज, ओघवते आणि शोधकर्त्याच्या हातचे नसल्याचे वाटले. पुरालिपितज्ज्ञाने ते कृत्रिम ठरवले.

शाई तपासली असती तर निकाल लागला असता, हे नेहमी ऐकू येणारे वाक्यही अर्धेच खरे. कागद १६४६ चा आहे हे कोणालाच अमान्य नाही, त्यामुळे त्याची कार्बन चाचणी व्यर्थ. जुन्या पुस्तकातले कोरे पान कोणालाही मिळते. मायफळ, हिराकस आणि डिंक यांची शाई आजही स्वयंपाकघरात करता येते. आधुनिक रंगद्रव्य सापडले तर बनावट पकडली जाते, न सापडले तर काहीच सिद्ध होत नाही. २०१२ मध्ये रोममध्ये जाहीर झालेला, येशूच्या तोंडी ‘माझी पत्नी’ हे शब्द घालणारा, कॉप्टिक या जुन्या इजिप्ती भाषेतला तुकडा आठवावा. सुमारे ४ बाय ८ सेंटिमीटरचा तो पपायरस मध्ययुगाच्या आरंभीचा निघाला, काजळीची शाईही जुन्या पद्धतीशी जुळली. तरी तो कोसळला. त्यातली व्याकरणाची एक चूक थोमाचे शुभवर्तमान या बायबलबाहेरच्या कॉप्टिक ग्रंथाच्या इंटरनेटवरच्या प्रतीतल्या छपाईच्या चुकीशी जुळली. त्याच संग्रहातल्या दुसऱ्या तुकड्याच्या ओळी योहानच्या शुभवर्तमानाच्या १९२४ च्या छापील कॉप्टिक आवृत्तीतल्या ओळींच्या तुटीशी तंतोतंत लागू पडल्या. निकाल दिला तो प्रयोगशाळेने नव्हे, मजकुराने. २०१६ मध्ये मालकाचा माग लागला आणि उरलेली शंकाही गेली.

मार सबाच्या बाबतीत मजकूर असा फितूर होत नाही. १९९५ च्या एका शब्दगणनेने पत्रात क्लेमेंटचे खास शब्द जरा जास्तच असल्याचे दाखवले, त्यावरही प्रतिवाद झाले. अलीकडे, विशेषतः २०२३ च्या एका पुस्तकातून, तिसरी वाट पुढे आली आहे : पत्र क्लेमेंटचे नाही आणि विसाव्या शतकातलेही नाही, ते प्राचीन काळाच्या अखेरीस एखाद्या मठवासीयाने रचले. तसे असेल तर ‘बनावट’ हा शब्द पुन्हा लागू पडतो, पण आरोपी बदलतो.