हूगो (कॉकटेल)

हूगो म्हणजे प्रोसेको (इटलीची फसफसणारी वाईन), एल्डर नावाच्या युरोपी झुडपाच्या फुलांचं सिरप, सोडा, पुदिना आणि लिंबाची चकती एवढ्या सामानावर होणारं हलकं, फुलांच्या वासाचं उन्हाळी कॉकटेल. इंग्लिश मेन्यूवर त्याला ह्युगो स्प्रिट्झ म्हणतात, पण ते जिथलं आहे त्या साउथ टिरोलमधे, म्हणजे इटलीच्या अगदी उत्तरेच्या डोंगराळ भागात, बहुतेक लोक जर्मन बोलतात त्यामुळे हूगो हाच उच्चार बरोबर धरायला हवा.

हे पेय जुनं वाटतं पण आहे नवीनच. 2005 मधे मेरानोजवळच्या नाटुर्न्स गावात रोलंड ग्रुबर नावाच्या बारटेंडरने ते बनवलं. तेव्हा तिकडे संध्याकाळी सगळ्यांच्या हातात केशरी, कडसर ॲपरोल स्प्रिट्झ (ॲपरोल हे इटालियन लिकर, प्रोसेको आणि सोडा) असायचा, त्याला पर्याय म्हणून काहीतरी हलकं नि कडवटपणा नसलेलं ग्रुबरला हवं होतं. नाव आधी ऑटो ठेवायचं चाललं होतं, मग हूगो ठेवलं, त्यामागे कुठला प्रसिद्ध माणूस वगैरे नाही. आणि मूळ कृतीत एल्डर नव्हतंच, लेमन बामचं सिरप होतं (पुदिन्याच्याच कुळातली, लिंबासारख्या वासाची पानं). पण ते सिरप सगळीकडे सहज मिळत नाही आणि एल्डरचं मात्र आल्प्सच्या दोन्ही बाजूंना घरोघरी करतात, म्हणून पुढे तेच रूढ झालं. तिथून हूगो ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडमधे पसरला, नंतर तयार बाटल्याही निघाल्या, आणि 2023 च्या उन्हाळ्यात तो सोशल मीडियावरून अमेरिकेत पोचला.

स्प्रिट्झ हा शब्द जर्मन श्प्रिट्सेन वरून आलाय, म्हणजे शिंपडणं, उडवणं. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या ईशान्येचा व्हेनेतो भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता, तेव्हा ऑस्ट्रियन सैनिकांना इटालियन वाईन फार कडक लागायची आणि ते तीत पाणी घालून घ्यायचे असं सांगतात. पुढे पाण्याच्या जागी सोडा आला.

सगळा हूगो टिकून आहे तो एल्डरच्या फुलावर, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर. एल्डर (सॅम्ब्युकस नायग्रा) हे युरोपात कुंपणाला, ओढ्याकाठी आपोआप उगवणारं झुडूप, साउथ टिरोलमधे त्याला होलर म्हणतात. मे-जूनमधे त्याला तळहाताएवढे चपटे, छत्रीसारखे मलईरंगी गुच्छ येतात. वास मोगऱ्यासारखा दाटून येत नाही, लिची, नाशपाती आणि थोडा मध असा काहीतरी उडता वास असतो, आणि तो बराचसा परागात असतो. म्हणूनच गुच्छ कोरड्या दिवशी, ऊन वर आल्यावर तोडतात, पाऊस पडून गेला असेल तर थांबतात, आणि फुलं धुवत नाहीत, नुसती झटकून किडे काढतात. जाड देठ मात्र काढायलाच हवेत कारण एल्डरची पानं, देठ आणि कच्ची फळं विषारी असतात, त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात.

घरगुती सिरपसाठी 1 लिटर पाणी आणि 1 किलो साखर उकळून विरघळवायची, पाक तारेवर येऊ द्यायचा नाही, पूर्ण गार करायचा, मग त्यात 20-25 गुच्छ, दोन लिंबांच्या चकत्या आणि 20-30 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून झाकून एक-दोन दिवस ठेवायचं आणि फडक्यातून गाळून फ्रिजमधे ठेवायचं. फुलं उकळायची नाहीत, उकळली की तो वास जातो आणि शिजलेल्या पाल्याचा येतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट प्रोसेको. ही व्हेनेतो आणि फ्रिउली भागातली फसफसणारी वाईन, त्यात किमान 85 टक्के ग्लेरा द्राक्ष असावं लागतं. शॅम्पेनमधे दुसरं आंबवणं बाटलीतच होतं आणि मृत यीस्टवर राहून ब्रेड, टोस्टसारखा वास येतो, प्रोसेकोचं ते बहुतेक वेळा मोठ्या बंद टाकीत होतं, त्यामुळे हिरवं सफरचंद, नाशपाती, पांढरी फुलं असे ताजे वास राहतात. एल्डरला तेच जुळतं, महाग शॅम्पेन इथे घालणं म्हणजे दोघांचंही नुकसान. लेबलवर ब्रूट बघून घ्यावं, लिटरमागे साखर 12 ग्रॅमपेक्षा कमी. एक्स्ट्रा ड्राय लिहिलेली बाटली नावावरून कोरडी वाटते पण ती ब्रूटपेक्षा गोड असते (12 ते 17 ग्रॅम), आणि सिरपमधून आधीच तीन चमचे साखर येत असताना अजून गोडवा नको.

एका ग्लाससाठी 150 मिली गार प्रोसेको, 20-25 मिली सिरप, 50 मिली सोडा, सात-आठ पुदिन्याची पानं, लिंबाची एक चकती आणि भरपूर बर्फ. मोठा वाईनग्लास घ्यायचा, तळाशी सिरप, मग पुदिना दोन तळहातांत ठेवून एकदा टाळी वाजवून आत सोडायचा. मोहितो या कॉकटेलमधे कुटतात तसा कुटायचा नाही, कुटला की कडवट हिरवा वास सुटतो आणि फूल हरवतं, आपला बाजारातला पुदिना तर तसाही तिखट असतो, पाच पानांत भागतं. मग बर्फ ग्लास भरून, थोड्या बर्फाने तो पटकन वितळून उलट पाणीच जास्त होतं. प्रोसेको ग्लास तिरका धरून कडेने, वर सोडा, आणि लांब चमच्याने खालून वर एकदाच हलवायचं. सगळं फ्रिजमधून थेट यायला हवं, कारण द्रव गार असेल तर कार्बन डायऑक्साइड त्यात जास्त वेळ टिकतो, कोमट वाईन ओतली की फेस उसळून बुडबुडे तिथेच संपतात. कागदी लिंबू पिळू नये, नुसती चकती पुरते. 11 टक्क्यांच्या प्रोसेकोने हिशोब केला तर तयार पेयात अल्कोहोल सात टक्क्यांच्या आसपास येतं, आणि तीन भाग प्रोसेको, दोन भाग ॲपरोल, एक भाग सोडा अशा ॲपरोल स्प्रिट्झमधे साधारण नऊ. म्हणजे हलकं आहे, पण गोड लागतं म्हणून भराभर पिण्यातलं नाही.

काही ठिकाणी सिरपऐवजी एल्डरफ्लॉवर लिकर (एल्डरच्या फुलांची गोड दारू) घालतात, 2007 मधे आलेल्या सेंट जर्मेन या ब्रँडपासून हे वाढलं. चव चांगली येते पण पेय कडक होतं, मला सिरपवालाच खरा वाटतो.

महाराष्ट्रात एल्डर उगवत नाही, इथे सिरपची बाटलीच आणावी लागते. वाईन मात्र इथली आहे, 1980 च्या दशकात नारायणगावला शॅम्पेनच्या पद्धतीने फसफसणारी वाईन बनायला लागली, आता नाशिकची सुला सहज मिळते. ही वाईन बाटलीतच आंबवलेली असते, तिला थोडा टोस्टचा वास येणारच, तेव्हा सिरप पाच मिली वाढवावं आणि सोडा कमी करावा. एल्डरच्या जागी मोगरा किंवा गुलाबाचं सरबत घालूनही छान पेय होतं, फक्त त्याला हूगो म्हणू नये, आणि मोगरा 10 मिलीच्या वर गेला की अत्तर प्यायल्यासारखं लागतं.

दारू नको असेल तर तेच सिरप, पुदिना, लिंबू आणि 200 मिली एकदम गार सोडा, जर्मनीत लहान मुलांना उन्हाळ्यात हेच देतात.